बेंजो, धवला आणि मधली वीस सेकंदं

गाणं निवडताना मी आधी त्याची शेवटची वीस सेकंदं ऐकते, मग पहिली वीस. मधलं गाणं चांगलंच असतं, नाहीतर ते यादीत आलंच नसतं. पण शनिवारी रात्री नऊ ते अकरा असा रेडिओ चालवायचा तर ऐकणारा हातून निसटतो तो गाणं चालू असताना नव्हे, एक संपून दुसरं लागतं तिथे. रिक्षावाला नेमकं तेव्हाच बटण फिरवतो. घरातला माणूस गॅस बंद करायला उठतो आणि परत येत नाही. म्हणून माझ्या वहीत गाण्यांची नावं कमी आणि सांध्यांच्या नोंदी जास्त. 'संपताना टाळ वाजत राहतात, पुढचं थेट आवाजावर उघडलं पाहिजे.' 'फेड-आउट लांब, याच्यावर बोलता येईल.' 'याच्यानंतर काहीही लावा, पडतंच.'

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला केलेल्या एका शोच्या या नोंदी. वहीत आहेत तशाच दिल्या तर माझ्याशिवाय कुणाला लागणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं केंद्र म्हणजे नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि गच्चीवरचा अँटेना. सामुदायिक रेडिओला सरकारी धोरणाने १०० वॉटची मर्यादा घातलेली आहे. तेवढ्यात दहाएक किलोमीटर गाठले तरी खूप झालं. त्यात एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. पूर्वेला पारसिकचा डोंगर आडवा आला की आमचं राज्य संपलं. माझी मावसबहीण मुंब्र्याला राहते. अंतर काही फार नाही, पण मध्ये डोंगर. त्यामुळे तिने माझा शो कधीच ऐकलेला नाही. कौतुक मात्र दर वेळी करते. पश्चिमेला खाडीचं सपाट पाणी, तिकडे आवाज बिनबोभाट मानखुर्दपर्यंत जातो.

ऐकणारे कोण, ते फोन आणि मेसेजवरून कळतं तेवढंच. सोसायट्यांचे वॉचमन आहेत, उशिरा जेवणारी घरं आहेत, एपीएमसी मार्केटमधली माणसं आहेत. रात्री मालाच्या गाड्या लागतात तेव्हा तिथे माथाडी कामगारांची वर्दळ असते. फोनवर एफएम लावायचं तर इअरफोन खुपसावा लागतो, कारण त्याची वायर हाच अँटेना. त्यामुळे एक इअरफोन कानात, दुसरा छातीवर लोंबता, अशा थाटात माझा शो ऐकला जातो. याचा प्लेलिस्टवर थेट परिणाम होतो. ज्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार फक्त डावीकडे आणि आवाज फक्त उजवीकडे आहे ते त्या माणसाला अर्धंच पोचणार. मी प्रत्येक गाणं स्टिरिओ बंद करून, मोनोमध्ये, एका साध्या स्पीकरवर वाजवून बघते. महागड्या हेडफोनवर डोळे मिटून ऐकलेली कितीतरी गाणी इथेच गळतात.

केंद्राची एक कार्यक्रम समिती आहे. त्यातले एक सर दर बैठकीला मला विचारतात, ''मॅडम, लोकांना हे झेपेल का?'' मला त्या वेळी हटकून बा. वि. केसकर आठवतात. गाण्याचे दर्दी, मराठी माणूस, दिल्लीत नभोवाणी मंत्री. १९५२ नंतर त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सरळ सिलोनवर नेला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली होती. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. मला कुणाची अभिरुची सुधारायची नाही. पण लोकांना काय झेपत नाही हे आधीच ठरवून टाकणं, हाही केसकरांचाच उद्योग, फक्त उलट्या बाजूने केलेला. सरांना मी हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, ''तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण आफ्रिकन जरा कमी लावा.''

या शोची सुरुवात मात्र आफ्रिकेतून झाली नाही, घणसोलीतून झाली. आमच्या कन्सोलवर बसणारा मुलगा घणसोली गावचा. त्याचा मामा बेंजो पार्टीत वाजवतो. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीत, ट्रकवर स्पीकर लावून जी पार्टी जाते, त्यात सगळ्यात पुढे कानात घुसतो तो बेंजो. मुलाने फोनवरचं एक रेकॉर्डिंग ऐकवलं आणि लगेच बंदही केलं. ''ताई, आपल्या शोला हे नाय चालायचं ना? तुमचं ते क्लासिकल, परदेशी असतं.'' म्हटलं, लाव पुन्हा.

मग मी त्या वाद्याच्या मागे लागले. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. हे बुलबुलतरंग. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळांची रांग. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. त्याचा पूर्वज जपानी: तैशोगोतो. नागोया शहरातल्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली तो बनवला, टाइपरायटरच्या कळा बघून. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली, म्हणून हे नाव. पुढे ते वाद्य हिंदुस्थानात आलं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात, तिथे ते आकाराने वाढलं आणि त्यावर अख्ख्या मैफली होऊ लागल्या. आपल्याकडे कव्वालीत गेलं, गल्लीत गेलं, विजेवर चढलं, ट्रकवर बसलं.

इतिहासाचा क्रम लावायचा तर जपान, मग बलुचिस्तान, मग घणसोली. वहीत तसाच लिहिलाही. मुलाने वाचला आणि डोकं खाजवलं. ''ताई, उलटं लावा ना. नऊ वाजता आपलं वाजलं तर सगळे थांबतील. मग तुम्ही त्यांना कुठं न्यायचं तिथं न्या.''

पोराचं बरोबर होतं. पहिलं गाणं ओळखीचं असावं हा माझा जुना नियम, आणि नवी मुंबईतल्या जुन्या गावांत बेंजोपेक्षा ओळखीचा आवाज दुसरा कुठला? उलटं लावण्यात दुसरा फायदा आवाजाचा. बेंजो पार्टी दणदणीत, बलुची बेंजू त्याहून सौम्य, तैशोगोतो तर अगदी थेंबाथेंबाने वाजणारा. तीन पायऱ्या उतरून आपण शांततेपाशी येतो, आणि तिथून एकट्या माणसाचा आवाज उघडता येतो. तो कुणाचा हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. वहीत नुसतं 'इथे बाई, साथ नको' असं लिहून ठेवलं.

फोनवरचं रेकॉर्डिंग फाटलेलं होतं, म्हणून मामांनाच स्टुडिओत बोलावलं. ते वाद्य कापडात गुंडाळून, छातीशी धरून आले. बेंजोच्या पिकअपमधून एक लाइन थेट रेकॉर्डरला घेतली आणि खोलीत एक माइक वेगळा लावला. मी म्हटलं, मामा, आधी इको बंद करून एकदा वाजवा, शुद्ध आवाज घेऊ. त्यांनी वाजवलं. दोन ओळी झाल्या, पट्टी तारेवरच थांबवली. ''बाई, इको नसला की बेंजो बोडका वाटतो हो.'' खरंच वाटत होता. ट्रकवरून, इमारतींवर आपटून येणारा तो आवाज हीच त्याची खरी चव, आणि इको म्हणजे ती गल्ली बरोबर घेऊन हिंडायची सोय. इको ठेवला. कळांचा खडखडाटही ठेवला. तो खोलीतल्या माइकमध्ये इतका जवळून आला आहे की बोटं दिसतात.

'इथे बाई' या जागेसाठी धवला सुचला तोही त्या मामांमुळेच. हळदीच्या गप्पा निघाल्या तेव्हा म्हणाले, ''आता सगळं बेंजो नि डीजे. पहिलं धवलारीण लागायची.'' आगरी लग्नात धवले गाणारी बाई ती धवलारीण. एके काळी लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालायचे, भटजीच्या जागी ती. गाणं लांबलचक, कथा सांगणारं, वाद्य एकही नाही. ती ओळ टाकते, भोवतालच्या बायका ती उचलतात.

करावे गावातल्या एक आजी भेटल्या. सीवूड्सच्या टॉवरांच्या पायथ्याशी जुनं घर, ओटीवर जाळं सुकत घातलेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ''लगीन नाय, हलद नाय, न धवला कशाला गावाचा?'' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रेडिओसाठी, असं म्हणणं फारच तोकडं वाटलं. वाट त्यांच्या सुनेने काढली. पुढच्या महिन्यात नातीची हळद होती; तेव्हा म्हणायचंच आहे, तर आता तालीम म्हणून म्हणा. आजी तयार झाल्या. शेजारच्या दोघीजणी येऊन बसल्या. आम्ही फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत गाद्यांखाली ठेवलं. हार्बरची गाडी गेली की थांबायचं असं ठरलं, पण आजी एकदा सुरू झाल्यावर गाडीसाठी थांबेनात. एका कडव्याच्या मागे लोकल स्वच्छ ऐकू येते. ती काढता आली असती, मी नाही काढली. करावेत धवला म्हटला जातो तेव्हा मागून लोकल जातेच.

ते गाणं ऐकल्यावर त्याला लागून काय हे मला लगेच कळलं. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये जेली नावाची गायकांची वंशपरंपरा आहे. त्यांतल्या बायका लग्नात गातात, घराण्यांची नावं, पूर्वजांचे पराक्रम गाण्यातून सांगतात, आणि ऐकणारे त्यांना भर मांडवात पैसे देतात. कांदिया कुयाते ही त्यांतली मोठी गायिका, किटा गावची, १९९९ साली तिचा 'किटा कान' नावाचा आल्बम आला. शब्द मला एक कळत नाही. पण एक बाई आवाज टाकते आणि बाकीच्या तो झेलतात, हे कळायला भाषा लागत नाही. आजींची शेवटची ओळ संपली की मी चार सेकंद काहीच वाजू दिलं नाही. रेडिओत रिकाम्या हवेची दहशत असते, डेड एअर म्हटलं की केंद्रप्रमुखांचा रक्तदाब वाढतो. चार सेकंद चालतात. सहाव्या सेकंदाला वॉचमन फोन हलवून बघतो.

कांदियानंतर मराठी गाणं आणायचं होतं, कारण तोवर अर्धा तास होत आला होता आणि मराठी शब्दांची तहान लागते. ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम मनात आधीपासून होते. त्यांचं 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. हे खरं तर शोच्या सुरुवातीला ठेवायचं म्हणून बाजूला काढलेलं. पण ते आहे पाठवणीचं गाणं. हळद झाली, धवला झाला, मालीतल्या मांडवातून फिरून आलो, आता मुलगी निघाली. मी काही जुळवलंच नाही, ते जाऊन त्या जागी बसलं. माझ्या आईच्या पिढीतली एकही बाई हे गाणं कोरड्या डोळ्यांनी ऐकत नाही, त्यामुळे त्याच्यानंतर लगेच बोलायचं नाही हे ठरलेलंच.

पुढचा सांधा मात्र निव्वळ माझ्या हौसेचा. सावळाराम गीतकार होतेच, शिवाय ठाण्याचे नगराध्यक्षही होते. गाणी लिहिणारा माणूस पालिकेत बसून गटारांच्या फाइली बघतो, याची मला नेहमीच गंमत वाटते. आणि तसाच एक माणूस मालीत: अली फार्का तुरे. नायजर नदीकाठच्या नियाफुंकेचा, गिटारवर जगभर नाव कमावलेला, तरी आपण मूळचे शेतकरीच म्हणणारा. २००४ मध्ये तो नियाफुंकेचा महापौर झाला. सूर, लय, पट्टी यांतलं काहीही या दोघांना जोडत नाही. किस्स्यावरचा सांधा कमकुवत असतो, कानाला तो ऐकूच येत नाही, निवेदकाने सांगावा लागतो. एका शोमध्ये एवढा एक असू द्यावा. सर म्हणाले होते आफ्रिकन कमी लावा. ही दुसरी वेळ झाली होती आणि अजून इथिओपिया यायचा होता.

अली फार्काचं मी घेतलं ते 'टॉकिंग टिंबक्टू' मधलं, १९९४ चं, राय कूडरबरोबरचं. कूडर कॅलिफोर्नियाचा गिटारवादक. त्याआधी वर्षभर त्याचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' आला होता, जयपूरच्या विश्वमोहन भट्टांबरोबर. एकाच माणसाचा हात धरून माली ते राजस्थान, असा हा सांधा विनासायास बसतो. पण त्याच्या मागची गोष्ट मला जास्त आवडते. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी पट्टी सरकवण्याची पद्धत हवाई बेटांतली. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराला ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे सुचली असं सांगतात. ती हवाईयन गिटार जगभर हिंडली. टाऊ मो नावाचा वादक १९४०च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला होता, त्याचं वाजवणं तिथल्या कित्येकांनी ऐकलं. आपल्याकडे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हा गाण्याचा जीव, आणि सरकत्या पट्टीला मींडच तर येते. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांनी केलेली ती प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका आमच्या घरी होती, कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग असलेली. भट्टांनी गिटारला तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा बसवून मोहनवीणा केली.

यातलं प्रसारणात किती सांगायचं? वहीत दोन पानं भरली होती. दोन गाण्यांमध्ये आम्ही जे बोलतो त्याला लिंक म्हणतात, आणि माझी लिंक तीस सेकंदांच्या वर गेली की मुलगा काचेपलीकडून मनगटावर बोट ठोकतो. शेवटी राहिली ती अशी: ''हवाई बेटांवर एका मुलाने गिटार आडवी घेतली आणि तारांवर लोखंड सरकवलं. ती गिटार फिरत फिरत जयपूरला पोचली, विश्वमोहन भट्टांच्या मांडीवर. समोर बसलाय तोच राय कूडर, आत्ता मालीत होता तो.'' बास. केकुकूचं नाव गेलं, टाऊ मो गेला, काब्रा गेले. काब्रांचं वाईट वाटलं.

रात्री दहाच्या सुमाराला किशोरीताई आमोणकरांचा भूप राग, 'सहेला रे'. याच्याबद्दल मी काय सांगणार? सांगण्यासारखं आहे ते त्याच्या पुढच्या गाण्याबद्दल. इथिओपियात तिझीता नावाचा गाण्याचा प्रकार आहे, आठवणींचा, विरहाचा. त्याच्या मेजर वळणाच्या सप्तकात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूपाचेच. कागदावर याहून सुंदर जोडी नाही. प्रत्यक्षात वडिलांची जुनी हार्मोनियम काढून दोन्हींची पट्टी, म्हणजे सा कुठे लावलाय ते, ताडून पाहिली तर तिझीतेचा सा बरोबर अर्ध्या स्वराने खाली. अर्ध्या स्वराचा फरक सगळ्यांत वाईट. पंचमाचं अंतर असेल तर कान आनंदाने उडी मारतो, अर्धा स्वर घसरला की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी वर खेचता येते, पण किशोरीताईंच्या शेजारी बसवायचं म्हणून कुणा इथिओपियन गायकाचा गळा आवळायचा, हे मला जमणारं नाही.

त्यात भूप म्हणजे नुसते पाच स्वर नव्हेत. देशकाराचे स्वरही तेच. पण भूपात मालकी गंधाराकडे, देशकारात धैवताकडे, आणि भूप रात्रीचा तर देशकार सकाळचा. आपल्याच घरात एवढा फरक, तर अदिस अबाबाचं विचारूच नका. तिझीतेत गायक ज्या स्वरावर टेकतो तिथे भूप टेकत नाही. म्हणून 'हा बघा आफ्रिकेतला भूप' असं म्हणायचा मोह आवरला. असली वाक्यं रेडिओवर फार खपतात. भूपानंतर मी मुद्दाम बोलले, एरवीपेक्षा थोडी जास्त, आणि विषयही वेगळा काढला: त्या दिवशी पाम बीच रोडवर तुंबलेलं पाणी. कानातला जुना सा पुसला गेला की मग तिझीता. पाण्याचा विषय काढल्याबद्दल दोन श्रोत्यांनी मेसेज करून आपापल्या भागातले खड्डेही कळवले.

जे गळलं त्यातलं सगळ्यांत चटका लावणारं उम्म कुलथूमचं. कैरो रेडिओवरून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल प्रसारित व्हायची. १९६४ चं तिचं 'एन्ता ओमरी' मला हवं होतं, त्यात अरबी वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार येते आणि माझ्या गिटारच्या धाग्यात ते चपखल बसलं असतं. पण ते गाणं तासाभराचं. ते कापून दहा मिनिटांचं करायचं म्हणजे काय करायचं? तिला स्वतंत्र शनिवार द्यायला हवा, तोवर नाही.

काही गाणी परवान्यापायी गेली. मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून गाणी ऐकता येतात म्हणजे ती रेडिओवर लावायचा हक्क मिळतो, असा गोड गैरसमज सुशिक्षितांतही आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं; गीतकार-संगीतकारांचा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं होत नाही. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत हक्काखाली आहेत, तबकडी कितीही जुनी असो. परदेशी लेबलांना मी स्वतः मेल लिहिते. एकाने चार ओळींत आनंदाने होकार दिला, एकाने उत्तरच दिलं नाही, आणि पोर्तुगीज गाण्यांचा एक आख्खा तुकडा त्यापायी बाजूला राहिला. साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. ठाण्याच्या ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे तिथेही त्यांच्याच पाऊलखुणा. पुढे कधीतरी.

आवाजाची पातळी समान करायचं काम कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आजची रेकॉर्डिंग्ज चेपून चेपून मोठी केलेली असतात, जुनी तबकडी त्यांच्यापुढे कुजबुजते. सगळ्यांना एकाच रेषेत आणलं तर जुन्या गाण्याची खरखरही वर येते. लताबाईंच्या गाण्याची खरखर मी थोडीच कमी केली. फार घासलं की आवाजातलं पाणी जातं.

शो झाला. बेंजो लागला तेव्हा पहिल्याच मिनिटाला फोन वाजायला लागले, त्यांत मामांच्या ओळखीचेच जास्त. जपानी वादनानंतर एका वॉचमनचा व्हॉइस मेसेज आला: हे आमच्या गावाकडं भजनात असतं, जपानचं कसं काय? धवल्याच्या वेळी दिवाळे गावातून एका बाईने नुसतं विचारलं, ''करावेच्या का त्या?'' इथिओपियाबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. कुणी बंद केला असेल तर ते कळायची सोय नाही. शेवटची वीस मिनिटं फर्माईशीची असतात, तिथे मी ढवळाढवळ करत नाही. मार्केटमधून तुकोबांच्या अभंगाची मागणी आली, लावला.

सोमवारी लॉग भरायला बसले. प्रत्येक गाण्यापुढे गायक, गीतकार, संगीतकार, लेबल, मिनिटं-सेकंद, असे रकाने. ज्याचं त्याला मानधन पोचायचं तर हे नीट हवं. धवल्यापुढे गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं. गायिकेच्या रकान्यात आजींचं नाव, आणि सोबत त्यांची सही घेतलेला कागद, कारण कायद्याने गाणाऱ्याचा स्वतःच्या गाण्यावर ५० वर्षं हक्क असतो, मग ते गाणं कुणी रचलं ते ठाऊक असो वा नसो. कागदावर सही करताना आजींनी अट घातली होती: रेडिओवर नाव घ्यायचं तर सासरचं गाव एकटं नाही सांगायचं, माहेरचंही सांगायचं, कारण धवले त्यांच्या आईकडून आलेले. तसंच सांगितलं होतं. लॉगच्या रकान्यात दोन गावं मावली नाहीत, ती शेऱ्यात लिहिली.

पुढच्या बैठकीला समितीतल्या सरांनी आफ्रिकेबद्दल चकार शब्द काढला नाही. बैठक संपल्यावर खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला. ''बघा, यातलं काही घेता आलं तर.'' त्यात सगळी रुद्रवीणा निघाली. आलाप एकाहून एक आहेत, पण एकेकाचा शेवटचा स्वर इतका लांब रेंगाळतो की त्याला लागून काय लावायचं, ते मी आणि मुलगा अजून शोधतोय. तो म्हणतो, बेंजो लावू.